मार्थाबाईंची पुडी

आमच्या मिशन दवाखान्यातल्या कितीतरी रोग्यांची नावं मी विसरले, औषधांचीही विसरत चालले, पण किस्से काही विसरत नाही. एक सांगायला घेतला की त्याचा पदर धरून दुसरा उभा राहतो. तुम्ही म्हणता, पेन्शनीत गेलेल्या नर्सला दुसरं काम काय! खरं आहे. पण हे किस्से माझ्यामुळे नव्हे, एका डब्यामुळे साठले. तेव्हा आधी डबा.

जालन्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं. दवाखान्यात रोज सकाळी रोगी आत घेण्याआधी आमची प्रार्थना व्हायची. पाद्री साहेबांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, देवाची वचनं निवडून, शाई बुडवून बुडवून, चिठ्ठ्यांवर लिहिली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातली. रोज प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची आणि डब्यात परत टाकायची. त्या दिवसाचं ते तुमचं वचन.

चिठ्ठ्यांच्या घड्या घालायचं काम आलं कंपाउंडर योहानमामांकडे. मामांना आयुष्यात एकच घडी येत होती, औषधाच्या पुडीची. त्यांनी देवाच्या सगळ्या वचनांच्या पुड्या बांधून टाकल्या!

पाद्री साहेब म्हणाले, "योहान, हे काय केलंत?"

मामा म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर म्हणता, वचन म्हणजे औषध. जेवणानंतर एक."

* * *

डब्याची एक खोड होती. माणूस बघून वचन द्यायचं त्याला जमत नसे.

माझी नर्सिंगची परीक्षा होती त्या सकाळी मी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन पुडी काढली. वाटलं, बुद्धी देईन, शक्ती देईन, असं काहीतरी निघेल. निघालं काय, तर वांझ बाईचं घर लेकराबाळांनी भरून जाईल! मी एकोणीस वर्षांची, लग्नाचा पत्ता नाही. मान वर करायची सोय राहिली नाही. मामांनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं. एरवी ते आमेन पुटपुटायचे.

पाद्री साहेबांनाही डब्यानं सोडलं नाही. उपासाच्या दिवशी त्यांना पंचपक्वान्नांच्या मेजवानीचं वचन आलं. ते त्यांनी अगदी हळू आवाजात वाचलं.

आणि मामांना? त्यांना हटकून "भिऊ नको" यायचं. चारपाच दिवसांनी फिरून तेच. एकदा ते वैतागले. म्हणाले, "साहेब, देवाला दुसरं काही सुचून न्हाई राह्यलं का?"

साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही भ्यायचं थांबवा. मग तो दुसरं बोलेल."

मामा हसले नाहीत. माणूस मोठा थट्टेखोर, पण घरी बायको नव्हती, मूल नव्हतं, आणि प्रार्थनेत ते एक डोळा उघडा ठेवून बसायचे. देवावर त्यांचा एकच डोळा विश्वास होता, असं आम्ही म्हणायचो.

* * *

वाटूरचे एक पाटील हिवतापानं आले. बैलगाडीतून उतरले तेव्हा दोन माणसांनी धरलं होतं. मामांनी त्यांना कुनैनच्या सहा पुड्या दिल्या. निघताना पाटलांनी टेबलावरच्या डब्यातून आणखी एक पुडी उचलली. मोठ्या गावचा माणूस, सहावर समाधान कसं मानणार!

आठ दिवसांनी पाटील टुणटुणीत होऊन आले. खिशातून चार पुड्या काढल्या आणि म्हणाले, "कंपाउंडर साहेब, ह्या तुमच्या ठेवा. लई कडू हायेत, दोनच घेतल्या. त्या डब्यातली मात्र एक नंबर. पाण्यात कालवून पेलो, ताप गेल्ता दुसऱ्या दिशी. तसलीच द्या."

मामांनी विचारलं, "ती कडू न्हाई लागली?"

"बिलकुल न्हाई. जरा शाईवानी लागली."

मामा हसू आवरायला आत पळाले. तेवढ्यात पाटलांनी आपल्या हातानं त्या चारही कडू पुड्या वचनांच्या डब्यात टाकल्या, वरून एक गोड पुडी उचलली आणि राम राम करून निघून गेले. कोणतं वचन त्यांनी पिऊन टाकलं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण लागू पडलं होतं!

* * *

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मिससाहेब, म्हणजे आमच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई, पण हजर होत्या. पाद्री साहेबांनी पुडी उचलली, चष्मा सारखा केला आणि उघडली. पांढरी भुकटी भस्सकन शास्त्रावर आणि साहेबांच्या काळ्या झग्यावर!

मामा म्हणाले, "साहेब, आजचं वचन जरा कडू हाये."

मामा लगेच डबा टेबलावर पालथा करायला निघाले. पाटलांच्या पुड्या वेचून काढायला हव्या होत्या. पण साहेबांनी डब्यावर हात ठेवला. वचनं एकदम उघडायची नसतात, रोजची रोज घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोन पुड्यांतून कुनैन निघालं. मग निघायचं थांबलं आणि आम्हीही विसरून गेलो.

* * *

आता मार्थाबाई. ह्या आमच्या वॉर्डातल्या आया. मूळच्या कुंभार पिंपळगावकडच्या. नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा कडेवरचं पोर घेऊन दवाखान्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. लिहिता वाचता येत नव्हतं. त्यांची पुडी रोज मी वाचायची.

ते कडेवरचं पोर म्हणजे शमू. मोठा झाला, मोटार चालवायला शिकला आणि लढाई सुरू झाल्यावर पलटणीत ड्रायव्हर म्हणून गेला. मार्थाबाईंनी त्याला जाऊ दिलं, पण त्या दिवसापासून रोज पुडी माझ्या हातात देताना एकच विचारायच्या, "पोरी, ह्यात शमूचं काही हाये का?"

कधी डोंगर ढळतील असं निघायचं, कधी ओसाड रानात पाणी फुटेल असं. मी काहीतरी जुळवून शमूपर्यंत आणायची. डोंगर म्हणजे लढाई, पाणी म्हणजे पत्र. मामा टोमणा मारायचे, "हिला पाद्री करा, साहेबांपेक्षा बरी हाये." 

एका सकाळी तार आली. शमू ब्रह्मदेशात लापता.

तार पाद्री साहेबांनी वाचून दाखवली. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. मार्थाबाई रडल्या नाहीत. पाळी आली तेव्हा त्यांनी डब्यात हात घातला, पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली. ह्या वेळी काहीच विचारलं नाही. माझ्याच्यानं घडी सुटेना.

"आण इकडं," म्हणत मामांनी पुडी माझ्या हातातून घेतली. खिडकीकडे गेले, आमच्याकडे पाठ केली आणि उघडली. मान खाली घातली. मग म्हणाले, "मार्थाबाई, तुमची लेकरं दुश्मनाच्या मुलखातून आपल्या गावी परत येतील, असं लिहिलंय."

त्यांनी पुन्हा पक्की घडी घातली. पुडी डब्यात टाकली नाही, मार्थाबाईंच्या मुठीत ठेवली. म्हणाले, "ही तुमची."

त्या तेव्हा रडल्या.

* * *

पाद्री साहेबांच्या डोक्याला मात्र भुंगा लागला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे वचन शास्त्रात आहे हे बराबर. पण मी ते डब्यात लिहून घातल्याचं मला आठवत नाही."

दोन दिवस ते आठवत राहिले. शेवटी म्हणाले की वय झालं आपलं.

त्यांची दुसरी अडचण त्याहून मोठी. मार्थाबाईंनी मेणकापडाची चिमुकली पिशवी शिवली, पुडी आत घातली आणि गळ्यात बांधली. बाजारात बाया विचारू लागल्या, कोणत्या बाबाचा ताईत? साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी समजावून पाहिलं, की वचन मनात ठेवायचं असतं.

मार्थाबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्यापाशी पुस्तकभर हायेत. माझ्यापाशी येकच."

मी म्हटलं, काढा, पुन्हा वाचून दाखवते. तर म्हणाल्या, वाचून झालंय. एकदा मामाच त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मार्थाबाई, त्या पुडीचं जरा बोलायचं व्हतं."

"बोलू नका," मार्थाबाई म्हणाल्या आणि बादली उचलून वॉर्डात गेल्या.

* * *

वर्षभरानं शमूची ट्रंक आली. नवीन जालन्याच्या स्टेशनात पार्सलच्या खोलीत ठेवलेली. कागदावर लिहिलं होतं की मयताचं सामान वारसानं अंगठा करून न्यावं.

मार्थाबाई अंगठा करीनात. पार्सलबाबू म्हणाला, तुमचंच सामान आहे, बाई. त्या म्हणाल्या, "माझं न्हाई, त्याचं हाये. येईल आन् उचलून नेईल."

दर बाजाराच्या दिवशी त्या स्टेशनात जायच्या, पदरानं ट्रंक पुसायच्या आणि परत यायच्या. बाबू आधी चिडला, मग सरावला. खोलीत जागा कमी, म्हणून एक दिवस अदबीनं विचारता झाला, "बाई, मी तरी बसू का हिच्यावर?"

"बसा. पण जरा सबुरीनं बसा. आत त्याचा आरसा आसंल."

तो खरोखर सबुरीनं बसायचा. मी पाहिलंय.

* * *

लढाई संपली, तरी टंचाई संपली नाही. ज्वारी मिळेना, रॉकेल मिळेना आणि कुनैन तर बघायलाही मिळेना. सकाळची प्रार्थना चालू होती, डबा फिरत होता, पण मार्थाबाई आता पुडी काढत नसत. डबा पुढं सरकवायच्या.

आणि एका दुपारी पॅसेंजरमधून शमू उतरला. तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता. हाडांचा सापळा, पण तोच. पार्सलबाबू ट्रंकेवर बसून डबा खात होता. तो तसाच खरकट्या हातानं उठून उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या साहेब, तुमची आई सांगून गेली होती, तुम्ही याल म्हणून."

ट्रंक उचलायची ताकद शमूच्या अंगात नव्हती. बाबूनं ती टांग्यात घातली आणि शमूलाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला हिवतापाची थंडी भरली. चार घोंगड्या घातल्या तरी खाट हलत होती. मिससाहेब म्हणाल्या, कुनैन द्या लवकर. मामांनी सगळी कपाटं उघडली, सगळ्या बाटल्या उपड्या केल्या. दवाखान्यात कुनैनचा कण नव्हता. औरंगाबादहून पार्सल यायला दुसरा दिवस उजाडणार होता. एवढ्या वर्षांनी हाती आलेलं पोर रात्र काढतं की नाही, कुणास ठाऊक. पाद्री साहेब खाटेच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसले.

मार्थाबाईंनी गळ्यातली पिशवी काढली, दातानं टाका तोडला आणि पुडी मामांच्या हातावर ठेवली.

मामांनी ती मुठीत मिटून घेतली. म्हणाले, "मार्थाबाई, ह्यात वचन न्हाई."

"ठावं हाये."

"कवापासून?"

"त्याच दिसापासून. वीस वर्सं तुमच्या पुड्या उचलून राह्यले मी. वचनाची पुडी इतकी जड नसती, कुनैनची आसती."

मामांनी पुडी तळहातावर जोखून पाहिली. मग विचारलं, "मंग इतकी वर्सं गळ्यात बांधली कशाला?"

मार्थाबाईंनी एका हातानं शमूचं डोकं वर उचललं आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला त्याच्या ओठांपाशी नेला.

"पुडी तुमची व्हती, मामा. बोलणं तुमचं नव्हतं. पाण्यात सोडा आता ती जल्दी, लेकरू कुडकुडून राह्यलंय."