खिशातलं वजन

कमरीपेठेत तराजू दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. भाजी घेताना खिशातलं सरकारी छापाचं वजन काढून ते आधी भाजीवाल्याचा काटा तपासायचे. मी अर्थशास्त्र शिकते हे कळल्यावर म्हणाले, "बाजार आपोआप सुधारतो म्हणतात ना, अक्का? तीस वर्षं काटे जुळवतोय मी. एकही आपोआप सुधारला नाही बघ."

पुढे एका व्यापाऱ्याला काटा खोटा करून द्यायला त्यांनी नकार दिला आणि सरकारी कचेरीत तक्रारही केली. तपासायला कुणी आलं नाही. अण्णांच्या दुकानासमोरचा दुसरा तराजूवाला हवा तसा काटा करून देतो, म्हणून सगळे व्यापारी तिकडे जाऊ लागले.

काल अण्णा कांदे घेत होते. मी त्यांच्या खिशाकडे पाहत राहिले. त्यांनी काट्याकडे न बघताच पिशवी पुढे केली.