उलटं केलं तरी चालतं का, शेवंती?

शेवंती,

तुझं नाव निघालं की मला आधी पाढेच आठवतात. साल त्र्याऐंशी. लवूची, तुझ्या नवऱ्याची, गिरणी बंद पडलेली. मुलुंडच्या एका बालवाडीत तुला मदतनिसाची जागा मिळत होती, पण त्यासाठी प्रौढांची चौथीची परीक्षा पास व्हायला हवी होती. शिकवायला मी. भांडुपच्या टेकडीवर तुझं घर पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, माझं खाली रस्त्यालगत.

पाचापर्यंतचे पाढे तुला चोख येत. सातापाशी गाडी अडायची.

“सात चोक?”

तू बोटांची पेरं मोजायला लागलीस.

“बरं, चार सत्ते?”

“अठ्ठावीस.”

“झालं की! उलटं केलं तरी तेच.”

“असां कसां? कोणी ठरवल्यान?”

“नियम आहे. पुढे चल.”

तू कसली पुढे जातेस! माझ्या व्हरांड्याला सिमेंटची जाळी होती. सात ओळी, ओळीत चार भोकं. तू ती उभ्यानं मोजलीस, मग पदर खोचून चक्क फरशीवर कुशीला आडवी झालीस.

“बाई, आता चार ओळी, सात-सात भोकां. नि जाळी तीच! मगे निम्मे पाढे फुकटच गावले की ओ!”

“ऊठ आधी. लोक बघतायत.”

परीक्षेच्या आदल्या रविवारी सरावातल्या सगळ्या हातच्याच्या वजाबाक्या चुकल्या. बावन्नातून सदतीस, उत्तर पंचवीस! दोनातून सात जाईनात, म्हणून तू सरळ सातातून दोन घालवले होतेस.

“तुम्हीच म्हणालात ना, उलटा चालता?”

“गुणाकाराला गं! बेरजेलाही. वजाबाकीला नाही.”

“वजाबाकीन कोणाचा घोडा मारल्यान?”

हाताला धरून तुला पायऱ्यांवर नेलं. सातवीवरून दोन उतरवल्या, पाचवीवर आलीस. मग दुसरीवर उभं करून म्हटलं, “आता सात उतर.” दोन उतरून रस्त्यावर आलीस नि डांबराकडे बघत थांबलीस.

“आजून पाच रवल्यो. त्यो खंय?”

“जमिनीखाली.”

“थंय पण आकडे असतत?”

“असतात. चौथीला नसतात. तू आपला हातचा घे.”

घेतलास. पास झालीस, जागाही मिळाली. पण ते खालचे आकडे काही तुझी पाठ सोडेनात. मी सांगितलं, अंधेरीच्या एका नव्या इमारतीत लिफ्ट जमिनीखाली दोन मजले जाते, बटणांवर आकड्याआधी वजाबाकीची रेघ असते.

“माका न्हेशात?”

“येत्या रविवारी.”

बालवाडी सुरू झाली आणि आठवडाभराचं धुणं, दळण, सगळं तुझ्या रविवारावर आलं. मग लवू तुला घेऊन कायमचा गावी, कणकवलीला गेला. अंधेरी राहिली ती राहिलीच.