मिओकने दिराची कशी जिरवली

मिओकला पहिल्यांदा भेटलात तर वाटेल, ही बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. बुटकी, केस मागे रबराने आवळलेले, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. पण गांगग्यंगच्या अख्ख्या बाजारात तिच्यासारखा डूख धरणारी दुसरी बाई नाही, आणि हे मी कौतुकाने सांगते आहे. माझा तिळाच्या तेलाचा घाणा तिच्या दुकानाला लागूनच आहे. भिंत एक, नळ एक, दुपारचं जेवण बहुतेक वेळा एक. तेव्हा जे सांगते ते याच डोळ्यांनी पाहिलेलं.

आमचं गाव खारवलेल्या मासळीचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्याचीच दुकानं, आणि निम्म्या पाट्यांवर लिहिलेलं, 'मूळ दुकान'. मूळ कोण आणि नक्कल कोण, यावरून इथे सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आहे. तरी माल्सुन म्हातारीच्या दुकानाला सगळे मानायचे. सहाव्या महिन्यात पकडलेला जाडसर जवळा ती असा मिठात मुरवायची की झाकण उघडलं की तोंडाला पाणी सुटावं. मिओक तिची थोरली सून.

लग्नाआधी मिओक तेजन शहरात एका कचेरीत लोकांच्या वेबसाइट बांधायचं काम करायची. लग्न होऊन इथे आली आणि सासूने तिचे हात मिठात घातले. पुढे नवरा आजारात गेला, तरी ती हलली नाही. म्हातारीचे हात थरथरायला लागले तेव्हापासून मीठ किती, पिंप थंड गुहेत मुरायला किती दिवस, कुठलं आधी उघडायचं, सगळं मिओकने पाहिलं. वर दुकानाची वेबसाइटही तिनेच बांधली. म्हातारी फक्त चाखायची आणि मान हलवायची.

म्हातारी गेली आणि धाकटा छांगग्यू सोलहून आला. तिथे गाड्या विकायचा. दुकान म्हातारीने कधीच त्याच्या नावावर करून ठेवलं होतं. थोरल्या सुनेला काय, ती राबतेच आहे! त्याने वर्षश्राद्धाचीसुद्धा वाट पाहिली नाही.

"वहिनी, आता तुम्ही आराम करा," म्हणाला. "कंप्युटरवर बोटं आपटायला कुणीही मिळेल. आणि जवळा काय, तो मीठच मुरवतं."

मिओक एक पिशवी घेऊन बाहेर पडली. तिथवर तिने सोसलं असतं, मी ओळखते तिला. पण दुसऱ्याच आठवड्यात छांगग्यूने दारावर भलीमोठी पाटी चढवली, 'आईचा हात, मुलाने राखलेला'. मेल्याने आयुष्यात कधी पिंपात बोट बुडवलं नव्हतं. मिओक ती पाटी बराच वेळ बघत उभी राहिली, मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या शेजारचा गाळा रिकामा आहे ना?"

गाळा म्हणजे काय, छत्रीवाल्याची जुनी खबदाड. पण छांगग्यूच्या बरोब्बर समोर. त्यासाठीच तिने घेतला.

आमच्याकडे सगळी विक्री किमची घालायच्या दिवसांत. थंडी पडायला लागली की कोरियाभर घराघरांत कोबी मिठात पडतो, त्याच्या मसाल्यात जवळा लागतोच, आणि त्याला भाव येतो. तेवढ्या दिवसांत लोकांनी मिओकला शोधून काढलं तर दुकान टिकणार, नाहीतर तिने शटर ओढायचं आणि तो हात छांगग्यूचाच होता असं जगाने मानून टाकायचं. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

आणि बयेने काय करावं? गाळ्यात फळ्या लागल्या नव्हत्या, पिंपं उघड्यावर, आणि ही कोपऱ्यात खोक्यावर बसून कंप्युटरवर टकटक, टकटक.

"अगं, आधी पाटी तरी रंगव!" मी म्हटलं. "लोक काय बघून आत येतील?"

"पाटी बघणारे लोक राहिलेत कुठे, काकू? सोलची सूनबाई घरी बसून मोबाइलला विचारते, चांगला जवळा कुठे मिळेल. मोबाइलने माझं नाव घेतलं तर मी आहे. नाही घेतलं तर मी मेले."

"मग मोबाइलला चांगले फोटो दाखव की."

"फोटो माणसांसाठी. सर्चचं यंत्र दारोदार फिरतं आणि अक्षरं वाचतं. ज्याच्या घरात अक्षरं स्वच्छ, वाट सरळ आणि दार पटकन उघडतं, त्याचं नाव आधी सांगतं."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काम कसं करते ते कळतं. प्रत्येक मासळीला तिने वेगळं पान दिलं, प्रत्येक पानाला स्वतःचं नाव. जड फोटो बारीक केले. माझा जुना फुटका मोबाइल घेऊन ती पुन्हा पुन्हा बघायची, पान झटकन उघडतं की नाही. एका पानावरून दुसऱ्यावर जायची वाट कुठे तुटलेली नको, म्हणून एकेक वाट स्वतः चालून बघितली. सगळ्या पानांचा एक नकाशा करून यंत्रासाठी ठेवला. आणि लोक जसं विचारतात तसेच प्रश्न लिहिले, वीस कोबींना जवळा किती, किमची कडवट का झाली, जवळा काळा पडला तर टाकायचा का. खाली उत्तरं.

"फुकट सांगतेस सगळं?" मी म्हटलं.

"सांगू दे. सांगायला आधी स्वतःला यावं लागतं," ती म्हणाली आणि समोरच्या पाटीकडे बघून ओठ आवळले.

राग आला की माझ्या हातून तेल सांडतं. तिच्या हातून काम होतं. मला हेवा वाटला तिचा.

पण गिऱ्हाईक येईना. मोबाइलवर काहीही विचारा, वर छांगग्यूच. का, तर त्याची वेबसाइट जुनी, वर्षानुवर्षं लोकांच्या वापरातली, आणि पाया पक्का. आणि बांधली कुणी? हिनेच! एका दुपारी नूडल्सचा वाडगा पुढे ठेवून मिओक नुसती बसून राहिली. म्हणाली, "काकू, माझ्याच हातचं काम माझ्या उरावर बसलंय. याला कसं हरवू?" तेव्हा मात्र मला रडू आलं. असला अन्याय मी पाहिला नव्हता.

आणि मग त्या शहाण्याने स्वतःच कुऱ्हाड उचलली. त्याला ती वेबसाइट जुनाट वाटायला लागली. सोलच्या कुठल्याशा कंपनीला बोलावलं, जुनं सगळं पाडलं आणि नवं चकचकीत उभं केलं. आमच्याकडच्या वेबसाइटांची खोडच ती! एक लांबच लांब चित्र, बोटाने खाली सरकवत राहायचं, त्यात समुद्र, सूर्य, वाफाळता भात, आणि सगळा मजकूर त्या चित्रातच रंगवलेला. दिसायला मात्र झकास, खोटं कशाला बोलू? छांगग्यूने अख्ख्या बाजारात तांदळाच्या वड्या वाटल्या. आमच्याकडेही आला.

"बघा वहिनी, सोलचं काम! तुमचं ते जुनं खोकं घरी बसवलं एकदाचं."

"छान आहे हो, भाऊजी," मिओक म्हणाली आणि वडी घेतली.

तो वळताच ती आत गेली, कंप्युटरवर त्याच्या वेबसाइटचं पोट उघडून बसली. हे कुणालाही बघता येतं म्हणे, चोरी नाही. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून असा आवाज आला की मी घाणा टाकून धावले. बघते तर बाई पोट धरून हसते आहे. तिचा नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"काकू, बांधकाम चालू असताना यंत्राने आत येऊ नये म्हणून दारावर एक चिठ्ठी लावतात. एकच ओळ, 'आत येऊ नका, कुणाला सांगू नका.' काम झालं की ती काढायची असते. यांनी काढलीच नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे माणसाला दार उघडं, यंत्राला बंद. आणि यंत्र आज्ञाधारक असतं. थोड्याच दिवसांत त्याला विसरून जाईल."

"मग सांगणार आहेस त्याला?"

"मला कोण विचारतंय?"

मी दुसरी वडी तोंडात कोंबली. "माझं तोंड भरलेलं आहे," म्हटलं. "मला काही ऐकूच आलं नाही."

पुढे काय झालं ते बाजाराने पाहिलं. हवा गार व्हायला लागली तशी मिओकच्या फोनची घंटा थांबेना. पार्सलची गाडी आधी छांगग्यूच्या दारात उभी राहायची, ती आता तोंड फिरवून आमच्याकडे लागायला लागली. छांगग्यू सोलला फोन करायचा, ते म्हणायचे, साहेब, उघडते आहे की तुमची वेबसाइट. तोही पत्ता टाकून बघायचा, आणि उघडायची! जाहिरातीला पैसे ओतले, ते संपले तशी जाहिरातही संपली. मग मात्र तो बाजारभर सांगत सुटला, वहिनीने माझ्या वेबसाइटमध्ये शिरून काहीतरी करून ठेवलंय, पोलिसात देतो. मला इतका संताप आला की त्याच्या बायकोला तेल द्यायचंच बंद केलं. मिओक म्हणाली, "बोलू दे."

मग त्यांच्या घरचा किमची घालायचा दिवस आला. भांडण असो नसो, त्या दिवशी सगळा गोतावळा जमतो, शेजारणीही हाताखाली जातात. आणि मसाला कालवायला मिओकच लागते, कारण म्हातारीच्या चवीचं माप फक्त तिच्या जिभेवर. निर्लज्जासारखं बोलावणं आलं. ती गेली, मीही गेले. अंगणात गोल करून बसलो, कोपरापर्यंत लाल हातमोजे, मधे कोबीचा ढीग. नोनसानची आत्याही आली होती, माल्सुन म्हातारीची नणंद. घरात सगळ्यांत मोठी, आणि जीभ वयाहून मोठी.

छांगग्यूला धीर धरवला नाही. येऊन डोक्यावर उभा राहिला.

"वहिनी, सगळ्यांसमोर सांगा. माझ्या वेबसाइटला काय केलंत?"

"हात लावला नाही." मिओक पानापानांत मसाला भरत होती.

"मग दुकानाचं नाव टाकलं तरी तुम्ही कशा येता? आईचं नाव टाकलं तरी तुम्हीच!"

"ओरडू नकोस रे, कोबीत थुंकी उडते," आत्या म्हणाली.

"हात लावायची गरजच नव्हती, भाऊजी. 'आत येऊ नका' अशी चिठ्ठी तुमच्याच माणसांनी दारावर लावून ठेवली आहे. यंत्र बिचारं वाचून परत जातं. आणि आत आलं असतं तरी वाचणार काय? सगळी चित्रं."

बायका खो खो हसायला लागल्या. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, का हसू नये?

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही वड्या वाटल्यात त्या दिवसापासून."

त्याची बायको कळवळली. "अहो जाऊबाई, तुम्ही घरातल्याच ना?"

"घरातली असते तर समोर भाड्याने राहिले असते का गं?"

आत्या म्हणाली, "काढून टाक ती चिठ्ठी, मिओक. माझ्या वहिनीचं दुकान आहे ते."

मिओकने पहिल्यांदा मान वर केली. "काढते. पण आधी भाऊजींनी सांगावं. आई थकल्यावर पिंपात हात कोणाचा होता?"

"तसा सगळ्यांचाच..."

"तुझा कुठे होता?" आत्या कडाडली. "तू सोलला गाड्या विकत होतास!"

"वहिनींचा," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मिओक म्हणाली.

"वहिनींचा हात होता!"

"आता हेच लिहा. पहिल्या पानावर, चित्रात नाही, अक्षरांत. आणि खाली माझ्या वेबसाइटची लिंक."

ती लिंक म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. जुन्या नावाजलेल्या घराने नव्या घराकडे बोट दाखवलं की यंत्राच्या हिशेबी ती ग्वाही असते. म्हणजे त्याचं नाव घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आता तोच हिच्याकडे धाडणार होता. छांगग्यूचे कान लाल झाले. पण समोर आत्या, समोर सगळं गोत. कंप्युटर अंगणात आणला गेला, आणि त्याने स्वतःच्या बोटांनी एकेक अक्षर टाइप केलं. आत्याने चष्मा लावून वाचलं. मगच मिओकने हातमोजे काढले आणि ती एक ओळ पुसली. माझं नाक शिंकरून होईपर्यंत तिचं काम झालंसुद्धा.

ताज्या किमचीबरोबर उकडलेलं डुकराचं मांस वाढलं. सगळे जेवायला बसले तेव्हा छांगग्यूचा तोरा पार उतरलेला.

"वहिनी, परत या दुकानात," तो म्हणाला. "अर्धं तुमचं."

"बघ, आली अक्कल पोराला," आत्या खूश झाली.

मिओकने कोबीच्या पानात मांस गुंडाळलं, वर जवळा ठेवला, घास तोंडात घातला आणि शांतपणे चावून संपवला. "नको," म्हणाली.

"मग चिठ्ठी तरी कशाला काढलीत? एवढा हंगाम गप्प राहिला असतात तर मी दुकान विकून सोलला गेलो असतो."

"म्हणून तर काढली, भाऊजी. तुम्ही गेलात तर कसं चालेल? मला तुम्ही समोरच हवे आहात. रोज सकाळी शटर उचलायचं आणि माझ्या दारातली गर्दी बघायची."