कपाटावरची हत्यारांची पेटी

माझ्या दाजींना ऑफिसात सगळे 'दोनदा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ठाऊक आहे. खिशात दोन पेनं, बॅगेत दोन चष्मे, मनगटावर एक घड्याळ आणि ते बंद पडलंच तर खिशात दुसरं. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार. दारावरची बेल वाजवणार तीही दोनदा. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारी माणसं मी पाहिली आहेत. या माणसाचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी आयुष्यभर फुंकतोय. लग्न तेवढं एकदाच केलं, आणि ते माझ्या ताईशी, म्हणून आमची गाठ कायमची पडली.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बंद पडल्या की दुरुस्त करते. मी तक्रारींच्या टेबलावर. फोन घ्यायचे, मेल पाठवायचे, आलेले मेल वाचायचे, फिटरला पिटाळायचं. दाजी कॉम्प्युटरचं बघतात. कंपनीचे सगळे मेल ज्यात राहतात तो सर्व्हर म्हणजे एक काळं खोकं. संडासाशेजारच्या खोलीत त्याला स्वतःचा पंखा आहे, जो मला एकवीस वर्षांत मिळालेला नाही. रोज संध्याकाळी दाजी त्या खोक्यातल्या मेलची एक प्रत डिस्कवर उतरवून घ्यायचे आणि डिस्क कपाटात ठेवून कुलूप दोनदा ओढायचे. अकरा वर्षं हे चाललं. त्या प्रतीची गरज एकदाही पडली नाही. मी त्यांना विचारायचो, "दाजी, हे लोणचं मुरलं का हो?" ते म्हणायचे, "मुरू दे." थोड्या वेळाने पुन्हा, "मुरू दे."

आता आमच्या मालकांचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. इनबॉक्स रिकामा तर डोकं रिकामं, असं काहीतरी त्यांनी कुठेतरी वाचलं. त्यांचं स्वतःचं डोकं आधीच त्या अवस्थेला पोचलेलं होतं, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. हुकूम निघाला: संध्याकाळी सहाला प्रत्येकाचा इनबॉक्स रिकामा दिसला पाहिजे. वेगळे फोल्डर करायचे नाहीत, कारण ते म्हणजे केर पलंगाखाली ढकलणं. सहा वाजता मालक स्वतः फेरी मारायचे, मागे हात बांधून, टेबलामागून टेबल. मग आम्ही काय करणार? पावणेसहाला सगळे मेल, पाठवलेलेसुद्धा, कचरापेटीत टाकायचो आणि सकाळी लागतील तेवढे बाहेर काढायचो. ती पेटी कुणी कधी रिकामी करत नसे. पाच वर्षं कंपनीचं सगळं शहाणपण कचऱ्यात होतं, आणि तिथे ते सुखात होतं.

मार्चमध्ये एका इमारतीतून आमचा फिटर मला फोन करून म्हणाला, लिफ्टचा दोर झिजलाय, आजच बंद करा, लिहून पाठवा त्यांना. लिफ्ट बंद करायचा अधिकार त्या इमारतीच्या मॅनेजरचा. मी मेल केला. मॅनेजरचं उत्तर आलं, मी वाचलं, फिटरला सांगितलं, आणि पावणेसहाला कचऱ्यात टाकलं. एप्रिलमध्ये ती लिफ्ट अर्धा मजला खाली आपटली. एका आजीबाईंचा घोटा मोडला. मॅनेजर कानावर हात ठेवून मोकळा झाला: मला कुणी काही कळवलंच नाही, फिटरने हलगर्जी केली. चौकशी बसली. फिटरचा परवाना जाणार असं सगळे बोलायला लागले. परवाना गेला तर पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने काय करायचं, लिफ्टमध्ये उभं राहून बटणं दाबायची?

चौकशीचं पत्र मेमधल्या एका शुक्रवारी आलं. येत्या गुरुवारी हजर राहा, पुरावा असेल तर घेऊन या. फिटर माझ्याकडे आला. मी ऐटीत म्हणालो, "अरे, मेल आहे माझ्याकडे. सोमवारी कागदावर काढून देतो." शुक्रवारीच का नाही काढला? कारण पावणेसहा वाजले होते, मेल कचऱ्यात गेले होते आणि मला घरी जायचं होतं. दुसरं कारण नाही.

सोमवारी सकाळी संडासाशेजारच्या खोलीतून जळका वास आला. मालकांना तो नेहमीचाच वाटला. दाजी आत गेले, बाहेर आले, माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"गेला," म्हणाले. आणि मग, "गेला."

खोक्यात दोन डिस्क होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. वीज उसळली आणि दोन्ही जोडीने गेल्या. दाजी घाबरले नाहीत. कपाटातली डिस्क काढली, दुपारपर्यंत दुकानातून नवीन यंत्र आणवलं, मांडलं, आणि प्रत त्यात उतरवायला लावली. पडद्यावर एक पट्टी सरकत होती आणि शेजारी टक्के दिसत होते. मंगळवारी दिवसभर फिटर माझ्याशेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. एकसष्ट टक्क्यांवर पट्टी चाळीस मिनिटं अडकली.

"येईल ना?" त्याने विचारलं.

"येईल," मी म्हणालो. मला लाज वाटत होती. म्हणून जरा मोठ्याने म्हणालो.

चार वाजता शंभर टक्के झाले. सगळ्यांनी मेल उघडले. प्रत्येकाचा इनबॉक्स रिकामा. कचरापेटीत गेलो, तीही रिकामी. मालक फेरीला निघाले, चारच वाजले होते तरी. एकेक पडदा बघत गेले आणि शेवटी म्हणाले, "वा. हे असं पाहिजे." त्या दिवशी आमच्या ऑफिसात आनंदी माणूस एकच होता.

झालं होतं ते साधंच. मालकांनी सही केलेल्या नियमात लिहिलं होतं की प्रत घेताना कचरा वगळावा. कचरा कुणी जपून ठेवतं का? डिस्क शुक्रवारी संध्याकाळची, म्हणजे इनबॉक्स साफ. अकरा वर्षांची मेहनत कामाला आली आणि आम्हाला आमचा रिकामेपणा जसाच्या तसा परत मिळाला.

फिटर उठला. हेल्मेट उचललं आणि जिन्याने खाली गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दाजींनी चष्मा काढून दुसरा लावला. "मेल कुठे ठेवला होतास?"

"कचऱ्यात."

"सगळेच ठेवतात. माहीत आहे मला," ते म्हणाले. "चल, तुझ्या घरी जाऊ."

"माझ्या घरी कशाला?"

"चल तर."

इथे माझ्या घराबद्दल सांगतो. ही, म्हणजे माझी बायको, गेली त्याला त्या जूनमध्ये पाच वर्षं होणार होती. पहिला महिनाभर माणसांची रीघ होती, मग ज्याला त्याला आपापली कामं. एकटे दाजी येत राहिले. जुलैपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, बेल दोनदा. पहिल्याच खेपेला पत्र्याची एक पेटी आणून माझ्या कपाटावर ठेवली. म्हणाले, "माझी हत्यारं आहेत, हात लावू नकोस." मग प्रत्येक रविवारी, "जरा हत्यारं बघतो," म्हणून स्टुलावर चढायचे, तोवर मी चहा टाकायचो. चहा प्यायचे, दहा मिनिटं काहीच न बोलता बसायचे आणि जायचे. अंगात ताप असताना आले, बस बंद असताना चालत आले. मी वैतागायचो. पण शनिवारी रात्री साखर आहे ना ते बघून ठेवायचो, हेही खरं.

त्या मंगळवारी दाजी स्टुलावर चढले, पेटी पलंगावर उतरवली आणि उघडली. आत स्क्रू पिळायचं एक हत्यार होतं. त्याखाली फडक्यात गुंडाळलेली डिस्क.

"ही हत्यारं?" मी विचारलं.

"एक प्रत दुसऱ्या छपराखाली असावी. ऑफिस जळलं तर कपाटही जळेल. या व्यवस्थेवर मालकांची सही आहे, दोन प्रतींत. हिच्यात सगळं घेतो, कचऱ्यासकट. लोक कचऱ्यात काय टाकतात सांगता येत नाही."

"मग तुमच्या घरी का नाही ठेवली?"

"तुझी ताई साफसफाई करते."

"आणि मी?"

"तू नाही करत."

डिस्क बॅगेत घालून ते निघाले. दारातून म्हणाले, "पेटी वर ठेवून दे."

मी नाही ठेवली. पायाने पलंगाखाली लोटली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पाच वर्षं मी समजत होतो की हा माणूस माझ्यासाठी येतो. आणि हा येत होता डिस्क बदलायला. माझं घर म्हणजे काय, तर न झाडलेलं कपाट. ताईला फोन केला, म्हटलं, तुझा नवरा पाच वर्षं मला गोदाम म्हणून वापरतोय. ती म्हणाली, "मला तर भावाला बघून येतो असं सांगून निघतात." म्हटलं, तुलाही फसवलं. फोन ठेवला.

बुधवारी अकरा वाजता मेल सापडला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ठेवलेली डिस्क, मार्चचा सगळा कचरा तीत होता. मॅनेजरने लिहिलं होतं: 'सुट्ट्या आहेत, पाहुणे येतात. महिनाभर चालू द्या. काही झालं तर जबाबदारी आमची.' फिटरने तो कागद दोनदा वाचला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून बसला. गुरुवारी चौकशीत मॅनेजरला घाम फुटला. परवाना वाचला. फिटर येऊन माझ्या टेबलावर टेकला आणि एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी शुक्रवारीच काढ." मी मान हलवली. मालकांनी बैठक बोलावली आणि या प्रकारातून धडा घेऊन इनबॉक्स रिकामा करायची वेळ पाच केली.

गुरुवारी संध्याकाळी चप्पल शोधताना पेटी हाताला लागली. उघडली. स्क्रू पिळायच्या हत्याराखाली, अगदी तळाशी, एक छोटी वही होती. डिस्क बदलली की तारीख, डिस्कचा नंबर आणि सही, सही अर्थातच दोनदा. पहिली नोंद पाच वर्षांपूर्वीच्या जुलैची. मग ऑक्टोबर. मग जानेवारी. मग एप्रिल. मला वाटलं पानं चिकटली असतील. उलटून पाहिलं. पुन्हा जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. शेवटपर्यंत तसंच. डिस्क तीन महिन्यांतून एकदा बदलायची होती.

मी कागद घेऊन मांडलं. नोंदी वीस. रविवार एकोणसाठ. एकही चुकला नव्हता, माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार. एकोणचाळीस वेळा हा माणूस स्टुलावर चढला होता, पेटी उघडून बंद केली होती, आणि माझ्यासमोर दहा मिनिटं बसून गेला होता. मी तो हिशोब दोनदा तपासला.

मग पेटी पुसली आणि कपाटावर होती तिथे ठेवली.

जूनच्या पहिल्या रविवारी दहाला बेल वाजली, दोनदा. ही गेली त्याला त्याच आठवड्यात पाच वर्षं झाली होती. डिस्क अजून ऑफिसातच होती, ते दाजींना माहीत होतं आणि मलाही. चपला काढून ते म्हणाले, "जरा हत्यारं बघतो."

"बघा," मी म्हणालो, आणि स्टूल पुढे करून चहा टाकायला गेलो.