गीझरची दुसरी चावी

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला सगळे सुईताई म्हणत. अठरा वर्षं ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत आली होती, आणि हात इतका हलका की सुई बाहेर आल्यावर पेशंटच विचारायचे, "झालं?" नवरा घर सोडून गेला त्या दिवशीही तिनं बेचाळीस जणांचं रक्त काढलं. एकही शीर चुकली नाही.

नवरा इलेक्ट्रिशियन. घरातला दिवा, पंखा, गीझर, सगळ्याला त्यानं फोनवरून चालणारी बटणं बसवून ठेवली होती. भांडण असं झालंच नाही. बोलणं आटत आटत "दूध आणलंय" आणि "कुलूप लावलंय" एवढ्यावर आलं, आणि एक दिवस अवजारांची पिशवी नि चार कपडे घेऊन तो मित्राच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. शेजारीण हिच्या गळ्यात पडून रडली. हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. आपलं काहीतरी बधिर झालंय हे तिला कळत होतं, पण तेसुद्धा दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट वाचावा तसं.

आठ महिने असेच गेले. मग त्या बटणांच्या कंपनीची मेल आली : जुन्या एपीआय की महिनाअखेर बंद होतील, आपल्या तपासून घ्या. तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण कॉम्प्युटरवालीच.

"अगं, की म्हणजे चावी. तुमच्या लॅपटॉपला घरातल्या बटणांशी बोलायची परवानगी असते ती. एआयचा एजंट, म्हणजे आपलं आपण काम करणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर टाकून देते, तो तपासेल. फक्त ती चावी त्याला चॅटमध्ये चिकटवू नकोस हं! फाइल कुठे आहे तेवढंच सांग."

गुरुवार होता, तिच्या सुट्टीचा दिवस. चहाचा कप बाजूला ठेवून ती नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसली. एजंट प्रत्येक पायरीला विचारत होता. फाइल उघडू का? उपकरणांची यादी मागवू का? फक्त वाचेन, काही बदलणार नाही. ती "हो" टाइप करत गेली.

चावी नव्या प्रकारची आणि चालू निघाली. सात उपकरणं सापडली. खाली लिहिलं होतं : "या खात्यावर आणखी एक चावी आहे. तीही चालू आहे. शेवटचा वापर आज सकाळी ८:०३, गीझर चालू करण्यासाठी."

"तो टायमर असेल," तिनं लिहिलं.

"खात्यात एकही टायमर नाही. नोंदी दाखवू का?"

नोंदींत फक्त गीझर होता. दिवा नाही, पंखा नाही. रोज पाच चाळीसच्या आसपास चालू, वीस मिनिटांनी बंद. गुरुवारी आठच्या आसपास. मागच्या महिन्यातले दोन दिवस तेवढे कोरे. त्या दोन दिवशी तिनं गार पाण्यानं आंघोळ केली होती. वीज गेली असेल, असं समजून विसरूनही गेली होती.

तिनं नवऱ्याला फोन केला.

"गीझर तू लावतोस?"

"हो."

"रोज?"

"उठलो की लावतो. सवय आहे."

"मागच्या महिन्यात दोन दिवस चुकले."

"ताप होता."

"सांगितलं नाहीस."

"काय सांगणार?"

पलीकडे कुणीतरी ड्रिल चालवत होतं. आपल्याला राग यायला हवा, की भरून यायला हवं, याचा ती अंदाज घेत राहिली. दोन्हींपैकी काहीच आलं नाही.

"तुझी चावी बंद करते," ती म्हणाली.

"कर." ड्रिल थांबलं. "टायमर लाव पण. विसरशील."

एजंटनं पुन्हा बजावलं : ही चावी परत चालू करता येणार नाही, नक्की? तिनं "हो" लिहिलं. एजंटनं चाव्यांची यादी एकदा परत मागवून पाहिली, ती चावी आता बंद दिसते असं कळवलं, आणि टायमर किती वाजताचा लावू म्हणून विचारलं. तिनं वेळा सांगितल्या. पाच चाळीस. गुरुवारी आठ.

पुढच्या गुरुवारी तिला आपोआप लवकर जाग आली. ती बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. नोंदींत आठ कधीच नेमके नव्हते. सात छप्पन, आठ तीन, एकदा तर आठ अकरा. आज आठ म्हणजे आठला लाल दिवा लागला. पाणी तापण्याचा बारीक आवाज सुरू होईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग टॉवेल आणायला आत गेली.

दुपारी बहिणीचा फोन. चावी बंद केल्याचं तिला कळवलं होतं. "झालीस ना मोकळी? आता कसं वाटतंय?"

तिनं खरंच विचार करून पाहिला.

"पाणी गरम येतं," ती म्हणाली.