भोंग्याच्या आधी

झिला आत्याशी बोलायचं तर तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागे. पाठीमागून हाक मारली तर तिला माणूस काय आणि भिंत काय, सारखंच. ती लहानपणीच ब्रॅकनडेलच्या गिरणीत लागली आणि विणखात्यातल्या शेकडो मागांनी तिशीच्या आत तिचे कान खाऊन टाकले. आमच्याकडे याचं कुणी दुःख करत नसे. विणकरणींचं बोलणं कानांचं नव्हतंच. आवाज न काढता ओठ मोठे हलवायचे आणि समोरचीनं ते वाचायचं. चार रांगांपलीकडून कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या नवऱ्यानं पगार दारूच्या गुत्त्यात ठेवला, सगळं कळायचं, आणि कळताना धोटा एकदाही थांबायचा नाही.

आत्या ओठ वाचण्यात पटाईत होती आणि खोटं बोलण्यात अगदीच ढ. रविवारी चॅपेलच्या शाळेत ती मुलांना शिकवी. शेजारणीनं नवी टोपी घालून "कशी दिसते गं?" विचारलं तर आत्या म्हणे, "टोपी चांगली आहे." शेजारीण दोन दिवस बोलत नसे. गावात कुणाला शपथेवर काही सांगायचं असलं की लोक म्हणत, झिला बॅराक्लफ म्हणाली असती तर मानलं असतं.

माझे वडील जोनास हे तिचे धाकटे भाऊ. त्याच गिरणीत कापडाच्या गासड्या उचलायचे आणि शनिवारी ब्रॅकनडेलच्या संघातून रग्बी खेळायचे, पुढच्या फळीत, जिथे खांद्याला खांदा भिडतो आणि कानाची साल निघते. मी हे सांगते आहे ते माझ्या जन्माआधीचं. थोडं आईकडून ऐकलेलं, थोडं मुकादम एफ्राइम शॉ यांच्याकडून, आणि शेवटचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

समुद्रापलीकडे आमच्या सैन्याची बोअरांशी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. कपच्या सामन्यांत एकदा हरलं की घरी, आणि ब्रॅकनडेल दर वर्षी लवकर घरी येत असे. त्या वर्षी मात्र पहिल्या फेरीत खाणकामगारांचा एक संघ आमच्याकडे येऊन हरला. दुसरीत बरोबरी झाली आणि पुन्हा खेळताना चिखल असा होता, की कोण आपला नि कोण त्यांचा हे शिव्यांच्या उच्चारावरून ओळखावं लागलं म्हणतात. तिसरीत डोंगरापलीकडच्या मोठ्या शहरानं मान टाकली. मग गावाला वेड लागलं. पाद्रीबाबा प्रवचनात चषक हा शब्द आला की थोडे थांबायचे.

माझी आजी त्या हिवाळ्यात खाली शेकोटीजवळच्या खाटेवर पडून होती. तीही जन्माची विणकरीण, ठार बहिरी. दर शनिवारी बाबा चिखलासकट घरात शिरत आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सामना तिला ओठांनी सांगत. आवाज नाही, नुसते ओठ आणि हातपाय. चेंडू कसा आला, ते कसे पडले, कोण कुणाच्या पाठीवर चढलं. आजी हसून हसून खोकायची. आत्या म्हणायची, "पुरे जोनास, मारशील तिला." आजी ते वाचायची आणि सांगायची, मरू दे गं, दुसरा अर्धा राहिलाय.

तिसऱ्या फेरीनंतर एकदा आजीनं दोघांना जवळ बोलावलं. मेल्यावर काय करायचं ते सांगितलं. दफनानंतरच्या जेवणाला हॅम चांगलं आणा, कंजुषी करून बिस्किटांवर लोकांना वाटेला लावू नका. आणि पेटीला पुढच्या बाजूनं जोनासचा खांदा असू दे, तो सवयीचा आहे, हलू देणार नाही. बाबांनी कबूल केलं. तोंडानं नाही, ओठांनी केलं, पण आत्याच्या लेखी त्यात फरक नव्हता.

उपान्त्य सामन्याच्या आठवड्यात, सोमवारी आजी गेली. दफन गुरुवारी ठरलं. सामना शनिवारी, कॉल्डरस्टोनशी.

आता रग्बीचे सामने चालवणाऱ्या युनियनचा तेव्हाचा नियम असा: खेळाडूंना खेळाचे पैसे मिळाले तरी त्यांनी कामधंदा सोडून ऐतखाऊ होता कामा नये. म्हणून आठवडाभर कामावर हजर राहील तोच शनिवारी मैदानात. एक दिवस बुडला तर युनियनची आगाऊ परवानगी हवी. क्लबचे सेक्रेटरी क्रॅबट्री हे गुत्त्याचे मालक. त्यांनी बाबांना गाठून सांगितलं, की परवानगी मागितली तर कॉल्डरस्टोनवाले आईच्या मरणाचाही दाखला मागतील, आणि कागद येईपर्यंत सामना होऊन जाईल. तू गुरुवारी कामावर जा. खांद्याचं मी बघतो.

बुधवारी संध्याकाळी आत्या काळ्या कपड्यांवर इस्त्री फिरवत होती. बाबांनी तिच्यासमोर उभं राहून ते सांगितलं. तिनं इस्त्री परत शेगडीवर ठेवली.

"तू तिला शब्द दिलाय."

"दिलाय. पण तीच म्हणाली असती, जा."

"ती काय म्हणाली ते मी वाचलंय. काय म्हणाली असती ते तू वाचतोयस."

"झिले, अख्खं गाव बघतंय माझ्याकडे."

"आई एकदाच मरते. कप दर वर्षी असतो."

"आपल्या गावाला नसतो," बाबा म्हणाले.

तिनं पाठ फिरवली. बहिऱ्या माणसाची पाठ म्हणजे बंद दार. बाबा बराच वेळ तिच्या पाठीला समजावत राहिले, असं माझी आई सांगते. तेव्हा ती आमच्या शेजारच्या घरात राहायची आणि भिंती पातळ होत्या.

गुरुवारी क्रॅबट्रींनी आपला शब्द पाळला. खांदा द्यायला त्यांनी विली हेग नावाचा राखीव खेळाडू पाठवला. रग्बीच्या सामन्यात तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे, माणूस मोडला तर मोडला. दफनाला मात्र घेता आला. विली उंचीनं कमी, त्यामुळे पेटी चॅपेलपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत एका अंगाला झुकलेली राहिली. गिरणीच्या वखारीच्या खिडकीखालूनच रस्ता जातो. खिडकीत बाबा गासडी हातात धरून उभे होते. आत्यानं वर पाहिलं, त्यांनी खाली पाहिलं. हॅम उत्तम होतं. लोकांनी तेही सांगितलं आणि आणखी बरंच काही सांगितलं, की गुरुवारी आईला मातीत घालायला आला नाही, शनिवारी मातीत लोळायला जाईल.

शनिवारी सकाळी बाबा विणखात्यात तयार कापड न्यायला आले. मुकादम शॉ यांना गुरुवारपासून चैन नव्हतं. खिडकीतला तो चेहरा त्यांनी आतून पाहिला होता. उपान्त्य सामना लांबच्या गावी होता, दुपारी गिरणी सुटल्याचा भोंगा झाल्यावर निघालं तर धावत जाऊन शेवटची गाडी कशीबशी मिळणार. शॉ यांनी बाबांना मागांच्या वाटेत अडवलं आणि ओठांनी म्हणाले, जा पोरा. आधीची गाडी पकड. तुला भोंग्यापर्यंत हजर मांडतो.

त्या खडखडाटात हे ऐकणं कुणालाच शक्य नव्हतं. समोरच्या मागावर आत्या होती. तिनं वाचलं. बाबा गेले तेही पाहिलं. तिनं तुटलेल्या धाग्याला गाठ मारली आणि माग चालू केला.

त्या दुपारी ब्रॅकनडेल जिंकलं. अखेरच्या मिनिटांत बाबांनी अंगावर तिघांना घेऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला. स्टेशनवर बँड आला. पोरांनी बाबांना खांद्यावर घेऊन चॅपेलपासून टेकडीपर्यंत मिरवलं, दोन दिवसांपूर्वीच्याच रस्त्यानं. आत्या दफनभूमीतून परतत होती. मिरवणूक पुढे जाईपर्यंत ती कुंपणाला चिकटून उभी राहिली.

सोमवारी कॉल्डरस्टोनची तक्रार आली. त्यांचा माणूस स्टेशनवर होता. बॅराक्लफ आधीच्या गाडीतून उतरला, मग तो भोंग्यापर्यंत कामावर कसा? युनियनचा एक माणूस चौकशीला आला. गिरणीच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला क्रॅबट्री, शॉ आणि बाबा. शॉ म्हणाले, भोंग्यापर्यंत होता. बाबा म्हणाले, होतो, त्या माणसानं गाडी चुकीची ओळखली. युनियनच्या माणसाला दोघांचंही पटेना. मुकादम गावचा, खेळाडू गावचा.

तेव्हा क्रॅबट्रींना ती कल्पना सुचली. आमच्याच गावात सुचावी अशी. ते म्हणाले, साहेब, याची बहीण समोरच्याच मागावर असते. चॅपेलची बाई आहे. गुत्त्याच्या दारावरून जाताना श्वास रोखते. तिला विचारा, ती म्हणेल ते खरं माना.

बाबा म्हणाले, तिला कशाला. पण तोवर निरोप गेला होता. आत्या केसांत कापसाचे तंतू घेऊन दारात येऊन उभी राहिली. क्रॅबट्री हसून म्हणाले, "ये गं पोरी. एकच प्रश्न आहे, एकच उत्तर."

युनियनच्या माणसानं हळू, स्पष्ट ओठांनी विचारलं, "शनिवारी तुमचा भाऊ भोंगा होईपर्यंत कामावर होता?"

शॉ मला पुढे सांगायचे, ती गप्पच राहणार होती, देवाशप्पथ. ऐकू आलं नाही असं दाखवून निघून गेली असती. खोटं बोलली नसती, पण न बोलणं तिला येत होतं. शनिवारपासून ती तेच करत होती.

मग बाबांनी त्या माणसाच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न करता ओठ हलवले. दोनच शब्द. शॉ यांनीही वाचले.

आईसाठी, झिले.

आत्या बाबांकडे बघतच बोलली, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, बाहेर अंगणापर्यंत ऐकू गेलं.

"भोंग्याच्या आधी गेला."

विजय रद्द झाला. कॉल्डरस्टोन अंतिम सामन्याला गेलं. बाबांवर पुढच्या हंगामापर्यंत बंदी आली. बंदी उठली त्या वर्षी पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, आणि ब्रॅकनडेल पुन्हा दर वर्षी लवकर घरी येऊ लागलं. शॉ यांची मुकादमी गेली. गिरणीत खोटी हजेरी मांडली म्हणून त्यांना पुन्हा साध्या मागावर उभं केलं, आणि तरीही टेबलाभोवतीच्या त्या चौघांत आत्याला रस्त्यात टोपी काढून नमस्कार करणारे तेवढेच एक होते.

गावानं आत्याला शिवी दिली नाही. दगड मारला नाही. दुसऱ्या दिवशी ती मागावर गेली तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायकांनी आपापली तोंडं दुसरीकडे केली. एवढंच. विणखात्यात कुणी तोंड फिरवलं की तुमच्यासाठी जग मुकं होतं. तिला मानेच्या मागच्या बटा दिसत आणि हलणारे गाल दिसत, पण शब्द एक नाही. ती वर्षानुवर्षं त्याच मागावर उभी राहिली. दुसऱ्या गिरणीत का नाही गेलीस, मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जायला मी काय केलंय?"

आणि बाबा? ते तिच्याच घरात राहिले, कारण घर आजीच्या नावावरून दोघांकडे आलं होतं. पुढे माझी आई शेजारच्या घरातून लग्न करून आमच्या घरात आली. जेवणाच्या टेबलावर बाबा आत्याच्या शेजारी बसत, कधीच समोर नाही. शेजारी बसलं म्हणजे तोंड दिसत नाही. मला वाटे, भावंडं असंच बसतात. माझ्या मैत्रिणीच्या घरी तिचे काका आणि वडील समोरासमोर बसून भांडताना पाहिले तेव्हा मला तिचा हेवा वाटला.

आत्या फुप्फुसाच्या आजारानं गेली, गिरणीतल्या बहुतेक बायका जात तशीच. तिचीही खाट शेकोटीजवळ टाकली होती. शनिवार होता, कपची पहिली फेरी, मैदानावरून ओरडा येत होता. बाबा मैदानावर गेले नव्हते. ते लंगडत खाली आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, आजीला सामना सांगायला राहायचे तिथेच. माझ्याकडे त्यांची पाठ होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या समोर आले.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचे खांदे हलले, एक हात वर झाला. आवाज नव्हता. ते तिला ओठांनी काहीतरी सांगत होते.

मला वाटतं पहिला शब्द तिनं वाचला असावा. मग तिनं डोळे मिटून घेतले.

बाबा थांबले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांसमोर बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मी पाठीमागे होते, मला काहीच वाचता आलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाले, हॅमचं बघ, चांगलं आण. बुधवारी तिच्या पेटीच्या पुढच्या बाजूला त्यांनी खांदा लावला. चॅपेलच्या दारातच गुडघा वाकला. विली हेग, आता म्हातारा, गर्दीतून न बोलता पुढे आला आणि पेटी पुन्हा एका अंगाला झुकून टेकडी चढली.