दोन पट्ट्यांच्या मधलं गाणं

पंखेवाल्याच्या हातातून स्क्रू निसटला आणि गडगडत थेट रस्त्यावर गेला. तो उचलायलाही उठला नाही. समोर उभ्या पोरीच्या गळ्यात भलामोठा हेडफोन होता, बैलाच्या मानेवरच्या जोखडासारखा, आणि तिनं नुकतंच विचारलं होतं, "काका, त्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग तुम्हीच केलं होतं ना?"

"कुठलं गाणं? मी पंखे दुरुस्त करतो."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी पण पंखेच."

ती हसली. हसणारी माणसं सहजासहजी कटत नाहीत.

गाणं कुठलं हे त्याला पक्कं माहीत होतं. सोल म्हणतात त्या जातीचं, पोटातून ओरडायचं आणि ओरडताना रडू मात्र येऊ द्यायचं नाही, असलं. ते गायली होती त्याची बायको. तेव्हा ती बायको नव्हती, बावीस वर्षांची नुसती एक पोरगी होती, आणि तो काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसायचा. गाणं तुफान चाललं. तीन वर्षांत तिचा आवाज फाटला. तेव्हापासून ती घोगरं बोलते आणि सरकारी वाचनालयात पुस्तकं देते-घेते. "जिथं कुजबुजायचं असा नियमच आहे तिथं मला नोकरी मिळाली, नशीबच म्हणायचं," असा तिचा ठरलेला विनोद. सगळे हसतात. पंखेवाला पंख्याकडे बघतो.

कारण तो आवाज कुणी फाडला हे एकट्या त्याला माहीत होतं.

पोरगी रेडिओत होती. मनातल्या मनात त्यानं तिला कानवाली म्हणायला सुरुवात केली होती. कानवालीनं दुकानातल्या स्टुलावर बसून एकेक गाणं फोनवर लावलं. मूळ गाण्यानंतर तेच सात जणांनी गायलं होतं. हॉटेलात गाणाऱ्या एका बाईनं वर्षाच्या आत. मग एका पुरुषानं, त्यानं पार वाट लावली होती. मग ढोलाच्या जागी मशीन लावून नाचायचं गाणं केलेलं. सगळ्यात शेवटचं एकोणीस वर्षांच्या पोरीचं, दोन महिन्यांपूर्वीचं.

"सातही जण पांढरी पाच पट्टीत गातात," कानवाली म्हणाली. "मूळ गाणं मात्र पेटीवर लावून बघा, पांढरी पाचच्या जरा खाली आणि काळी तीनच्या वर. दोन पट्ट्यांच्या मधेच. अख्खा बँड मधे कसा वाजवेल? मला वाटतं मशीनचा काहीतरी लोचा आहे. मूळ टेप मिळालीय मला, कंपनीच्या गोदामात होती. गुरुवारी चार वाजता घेऊन येते घरी. काकूंशी बोलले मी फोनवर, त्या तर एकदम खूश!"

काकूंशी बोलली. म्हणजे संपलंच.

लोचा काय होता ते आता सांगूनच टाकू, कारण पंखेवाला स्वतःहून सांगणार नव्हता. त्या दिवशी वीज गेली होती. बँडवाले खोळंबलेले, म्हणून जनरेटर चालू केला. जनरेटर दमला की वीज मंद देतो आणि विजेवर चालणारं मशीनही मंद फिरतं. ते दाखवायला भिंतीवर एक काटा असतो. त्या काट्यावर नजर ठेवणं एवढंच मशीनवाल्याचं काम. आणि हा गाढव काचेतून तिच्याकडे बघत बसला. लगेच टेप लावून ऐकली तेव्हाही जनरेटरच चालू होता, त्यामुळे सगळं बरोबर वाटलं. ती गायली होती त्याहून खालच्या पांढरी चारमध्ये. नीट विजेवर टेप जोरात पळाली आणि आवाज जवळजवळ दोन पट्ट्या वर जाऊन बसला, पातळ, घाबराघुबरा, जीव मुठीत धरून गायल्यासारखा. लोकांना नेमकं तेच आवडलं.

रेकॉर्ड बाहेर आली त्याच्या आठव्या दिवशी त्यानं पेटी काढून ताडून बघितलं आणि त्याला लोचा कळला. नोकरी गेली असती. तो गप्प बसला. मग स्टेजवर लोकांना रेकॉर्डसारखंच हवं म्हणून बँडनं पांढरी पाच धरली. तिचा गळा पोचेना. एका दुपारी तिनं त्याला विचारलं, "आपण पांढरी चारमध्येच गायलो होतो ना हो?" तुम्ही होतात मशीनवर, तुम्हाला माहीत असणार, असा तिचा भाबडा हिशोब.

तो म्हणाला, "नाही. पाचच होती."

झालं. आपलाच गळा कमी पडतोय असं धरून ती मिठाच्या गुळण्या करत बसली. तीन वर्षं. आणि त्यानं तिच्याशी लग्न केलं, तिला तळहातावर ठेवलं, आणि तिनं रेडिओ लावला की दर वेळी मान खाली घालून चहा प्यायला.

गुरुवारपर्यंत त्याची अवस्था बघण्यासारखी होती. जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, छातीत दुखतंय का? डाव्या हाताला मुंग्या?"

"काही नाही गं."

"मग तोंड असं का, परीक्षेत नापास झाल्यासारखं?"

"ती पोरगी फसवी वाटते मला. हल्ली घरात घुसतात अशा."

"आपल्या घरातून काय नेणार? तुमचे जुने रेग्युलेटर?" आणि ती खोकून खोकून हसली. तिनं पडदे धुतले, जुनी निळी साडी काढून इस्त्री केली. ती इस्त्री बघूनच त्याला रडू येत होतं.

गुरुवारी चारच्या जरा आधी त्यानं मीटरजवळ जाऊन फ्यूज काढला आणि खिशात घातला.

"अहो, वीज गेली."

"सगळीकडेच गेली असेल."

"समोरच्यांचा टीव्ही बोंबलतोय की."

तेवढ्यात कानवाली आलीच. "काही हरकत नाही काकू, टेप मी लॅपटॉपवर उतरवून घेतलीय. बॅटरी फुल आहे." पंखेवाला खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळला. खिशातला फ्यूज बरगडीला टोचत होता.

आधी रेकॉर्डवर होतं तसंच वाजलं. बायकोनं डोळे मिटले. "मला हे कधीच परत जमलं नाही बघ," ती पोरीला म्हणाली. "त्या एकाच दिवशी काय अंगात आलं होतं कुणास ठाऊक."

"आता जरा वेग कमी करते हं," कानवाली म्हणाली.

पंखेवाला उठला. "अगं, तिला चहा तरी..."

"बसा हो."

गाणं खाली उतरलं. ट्रम्पेट भरदार झाला, ऑर्गन शांत झाला, आणि मधून एक बाई गायला लागली, सावकाश, जाडसर, ऐसपैस आवाजात. कुठं ओढाताण नाही, घाई नाही. बायकोनं डोळे उघडले. स्वतःचा आवाज चोवीस तास कानात असणाऱ्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही.

"पांढरी चार," ती म्हणाली.

"बरोब्बर पांढरी चार!" कानवाली आनंदानं ओरडली. "जनरेटरवर केलं होतं का हो, काका?" आणि मग दोघांची तोंडं बघून तिचा आवाज विरला.

बायको त्याच्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेला बघत होती. "कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलायला अजून जागा होती. आत्ताच, तुझ्याबरोबरच, असं म्हणता आलं असतं. पोरीनं मानलंही असतं.

"आठव्या दिवशी," तो म्हणाला.

"मी विचारलं होतं त्याच्या आधी?"

"आधी."

कानवाली हळूच लॅपटॉप मिटायला लागली तेव्हा बायकोनं तिचा हात धरला. "पोरी, ह्या सात जणांत बायका किती?"

"सहा."

"गळा किती जणींचा गेला?"

कानवालीनं वही उघडली आणि उघडूनही वाचलं नाही. तिनं हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. "हॉटेलवाल्या बाईंनी दोन वर्षांनी गाणं सोडलं. का ते... नाही माहीत, काकू. बाकीच्यांचं विचारलं नाही."

"आणि ती एकोणीस वर्षांची?"

"ती रोज गाते. आठवड्याला पाच शो."

"नंबर आहे?"

"आहे."

"ह्यांना दे."

पंखेवाल्यानं फोन हातात घेतला. आकडे पोरीनंच दाबून दिले. "अगं, मी काय बोलू?"

"मला जे नाही सांगितलंत ते तिला सांगा." मग बायको उठली, पदर सारखा केला. "आणि तुमच्या-माझ्यातलं आज काढू नका. आज मला नाही झेपणार. मी इथंच बसते, पण माझ्याकडे बघायचं नाही."

पलीकडे रिंग वाजत होती. एक, दोन, तीन. उचलू नये, असं त्याला वाटलं. उचलावा, असंही वाटलं. पाचव्या रिंगला उचलला.

"हॅलो? कोण?"

आवाज बसलेला होता. नुकतीच उठली असेल. सर्दी असेल.

"बाळा," पंखेवाला म्हणाला, आणि बायकोकडे न बघता, एका हातानं टेबल घट्ट धरून पुढं बोलायला लागला, "ते गाणं मुळात पाचमध्ये नव्हतं. चूक माझी आहे. तू खाली उतर."